शंभरावी मेंढी

नाझिक म्हणजे नाजूक. आजोबांनी हे नाव ठेवलं तेव्हा ती जेमतेम दोन किलोची होती म्हणे. माझी तिची गाठ पडली तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि नारीन शहरातल्या कॉलेज-हॉस्टेलचे तीन जिने बटाट्याचं पोतं खांद्यावर टाकून चढून आली होती. मी आधी येऊन खिडकीजवळचा पलंग पटकावून बसले होते.

"तूच बुबुसारा ना?" ती दारातूनच म्हणाली. "सरक जरा. खाली अजून एक पोतं आहे."

"अगं, आपण इथे शिकायला आलोय की खाणावळ काढायला?"

"आईनं दिलंय. माझ्या आईला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय."

हिशेबाचा कोर्सही आईनंच निवडला होता. नाझिकचे वडील तीस वर्षं दुसऱ्यांची मेंढरं राखत आलेले. सहा वर्षांची असल्यापासून ती त्यांच्याबरोबर घोड्यावर. उन्हाळाभर वर जायलोवर, डोंगरातल्या कुरणांत, लोकरीच्या तंबूत. हिवाळाभर खाली गावात, गोठ्यात. थंडीनं दर वर्षी हात फुटायचे. गावच्या कचेरीत एक हिशेबनीस बाई होत्या. त्यांचे हात लोण्यासारखे, टेबलाखाली हीटर, टेबलावर कायम वाफाळता चहा. आईनं ते हात बघितले आणि ठरवून टाकलं, "माझी पोरगी खुर्चीवर बसेल. मेंढरांच्या मागे आमच्या सात पिढ्या गेल्या, पुरे झालं."

माझं कारण याहून साधं होतं. मला नर्सिंगला प्रवेश मिळाला नव्हता.

वर्गात आम्ही चोवीस जण. त्यात मुलगे तीन, तेही शेवटच्या बाकावर अंग चोरून बसलेले. शिकवायला अनारखान बाई. त्या साठी ओलांडलेल्या, पण आम्ही सगळे त्यांना एजे, म्हणजे ताईच म्हणायचो. तरुणपणी त्या सरकारी शेतीफार्मावर मुख्य हिशेबनीस होत्या. कॅल्क्युलेटर असूनही लाकडी मण्यांची पाटी जवळ ठेवायच्या, आणि आमचं उत्तर चुकलं की मणी असे खाडकन सरकवायच्या की शेवटच्या बाकावरचाही जागा व्हायचा.

पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "हिशेबनीस काय करतो?"

"पैसे मोजतो," मागून एक मुलगा म्हणाला.

"तो कॅशियर. बस खाली. हिशेबनीस कागदावर जे लिहिलंय ते जगात खरंच आहे का, ते बघतो. नसेल तर विचारतो, का नाही?"

पहिल्या परीक्षेत नाझिकला पाचपैकी दोन गुण पडले. जमा आणि नावे यांनी तिचा छळ मांडला होता.

"बुबू, पैसे घरात आले तर ते नावे का लिहायचे? आले ना? मग जमा नको?"

"येईल ते नावे, जाईल ते जमा. मी पाठ केलंय, तूही कर."

"मला पाठ होत नाही गं. मला दिसावं लागतं."

ते दिसलं नोव्हेंबरात. त्या दिवशी एजे कायम मालमत्ता आणि विक्रीचा माल यांतला फरक शिकवत होत्या. पुस्तकातलं उदाहरण कुठल्याशा फर्निचरच्या कारखान्याचं होतं. आमच्यापैकी एकानंही कारखाना आतून बघितलेला नव्हता. एजेंनी तिसऱ्यांदा समजावलं, तेव्हा नाझिकनं हात वर केला.

"एजे, दुधाला आणि कोकरांसाठी ठेवलेली मेंढी ही कायम मालमत्ता. आणि शरदात बाजारात न्यायला पोसलेलं मेंढरू हा माल. चरतात दोघं एकाच कळपात. असंच ना?"

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी "बँऽऽ" केलं. एजे मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मण्यांची पाटी बाजूला ठेवली.

"आणि घसारा?"

"मेंढी म्हातारी होते, तिचे दात झिजतात. दर वर्षी तोंड उघडून बघायचं आणि किंमत कमी लिहायची."

"हे पुस्तक लिहिणाऱ्यानं मेंढीचं तोंड उघडून बघितलं असतं," एजे म्हणाल्या, "तर हा धडा दोन पानांत आटपला असता."

त्यानंतर नाझिक सुटलीच. कुठलाही हिशेब आला की ती आधी त्याचा कळप करायची, मग वहीत उतरवायची. दोनाचे चार झाले, चाराचे पाच. परीक्षेच्या आदल्या दिवशी आमच्या खोलीत मुलींची गर्दी व्हायची. बटाटे उकडत असायचे आणि नाझिक पलंगावर मांडी घालून ताळेबंद समजावत असायची. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जिन्यात येऊन वह्या मागायची.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात प्रात्यक्षिकाची यादी लागली. महिनाभर कुठेतरी जाऊन खरं काम करायचं. बँक, कर कार्यालय, इस्पितळ, वीज कंपनी. सगळ्यांत शेवटी बिश्केकच्या एका लहानशा ऑडिट कंपनीचं नाव: दोन विद्यार्थी हवेत, काम जायलोवर जनावरांची मोजणी, एकाला घोड्यावर बसता यायला हवं.

अख्ख्या वर्गानं माना वळवून नाझिककडे बघितलं.

"एजे," ती उभी राहिली, "मेंढरांपासून सुटायला मी तीन वर्षं घासलीत. तुम्ही मला परत त्यांच्यातच पाठवताय?"

"त्यांच्यात नाही. त्यांना मोजायला."

"फरक काय?"

"जाऊन ये, मग तूच सांग मला."

दुसरी जागा माझ्या गळ्यात पडली. त्या दिवशी मी उशिरा पोचले आणि बँकेच्या जागा संपल्या होत्या.

"मला घोड्यावर बसता येत नाही," मी म्हटलं.

"तू लिहायला," एजे म्हणाल्या.

संध्याकाळी नाझिकनं घरी फोन लावला. यादीचं सांगितलं. मग मला पलंगावरूनही ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं आई म्हणाली, "जायलोवर? हिशेबाला? तिथे खुर्ची तरी असेल ना?"

"असेल, आपा. असेल," नाझिक आईला म्हणाली आणि कपाळाला हात लावला.

राजधानीची माणसं येणार म्हणून मी बाजारातून चेरीच्या रंगाची एक लिपस्टिक घेतली. चारशे सोम मोजले. इतकी महागाची वस्तू मी त्याआधी कधी घेतली नव्हती.

काम असं होतं. डोंगरापलीकडच्या एका गावातल्या चाळीस घरांनी आपापली मेंढरं एकत्र करून कंपनी काढली होती. ओमुरझाक नावाचा व्यवस्थापक ती चालवायचा. दोन वर्षं कोकरं कमी मिळतात, लोकर कमी निघते, म्हणून काही घरांनी हट्ट धरला की बाहेरचं माणूस आणून मोजा. वहीत मेंढरं होती चोवीसशे: पंधराशे एका दरीत, नऊशे दुसरीत.

ऑडिटरबाई म्हणजे रोझा कासिमोव्ना. पन्नाशीच्या, आखूड केस, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. गाडी कुरणात थांबली तशी त्यांनी डिकीतून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट काढून चढवले आणि माझ्या ओठांकडे बघून म्हणाल्या, "छान रंग आहे. मेंढरं खूश होतील."

ओमुरझाक हसत सामोरा आला. गोल पोट, नवी कोरी टोपी. "या, या! आधी चहा, मग मोजणी."

"आधी मोजणी," रोझा कासिमोव्ना म्हणाल्या.

"बरं. मग मी जेवणाचं बघतो. म्हाताऱ्याला सांगा काय हवं ते."

म्हातारा म्हणजे मेंढपाळ किदिर-आके; आके म्हणजे दादा. सुरकुतलेला चेहरा, तोंडात तीन दात. तो आणि त्याचे दोन पुतणे कळप हाकत आले. रोझा कासिमोव्नांनी मोजला: चौदाशे बासष्ट. मी मोजला: पंधराशे अकरा. किदिर-आके घोड्याच्या मानेवर डोकं टेकून हसत होता.

नाझिक इतका वेळ ओठ आवळून उभी होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"रोझा कासिमोव्ना, रागावू नका, पण मेंढरं अशी नाही मोजत. ती पसरलेल्या पाण्यासारखी असतात. आधी त्यांची धार करावी लागते. आके, घोडा द्या."

ती घोड्यावर बसली आणि मला माझी मैत्रीण ओळखू येईना. तीन वर्षं हॉस्टेलच्या जिन्यांवर धपधप करत चालणारी ही मुलगी वाऱ्यासारखी उतारावरून गेली, पुतण्यांना हाका मारत, कळपाला वळण देत. ओढा आणि खडक यांच्यामध्ये दोन मेंढ्या जातील एवढीच फट होती. तिथे तिनं कळपाचं तोंड आणून लावलं, खाली उतरली आणि फटीशी उभी राहिली.

"मी जोड्या मोजते. शंभर झाले की ओरडते, तू रेघ मार. शंभराव्या मेंढीवर खूण करायची, म्हणजे घोळ होणार नाही. आके, रंग आहे?"

"रंग ओमुरझाकच्या गाडीत," म्हातारा म्हणाला.

नाझिक माझ्याकडे वळली. "बुबू, तुझी लिपस्टिक दे."

"वेडी आहेस का? चारशे सोमची आहे!"

"अगं दे!"

दिली. दर शंभराव्या मेंढीची मान ती बगलेत धरायची आणि पांढऱ्या कपाळावर बोटभर लाल पट्टा ओढायची. चौदा मेंढ्या अशा नटून गेल्या. आकडा आला चौदाशे अठ्ठ्याण्णव. दोन मेंढ्या लांडग्यांनी फाडल्या होत्या, त्यांची कातडी किदिर-आकेनं आणून दाखवली.

"जुळलं," रोझा कासिमोव्ना म्हणाल्या. आणि दिवसात पहिल्यांदाच हसल्या.

मग जेवण. रोझा कासिमोव्नांना त्या बड्या थाटाची हौस नव्हती, पण आमच्याकडे जायलोवर जेवण नाकारणं म्हणजे तोंडावर मारण्यासारखं. ओमुरझाकनं एक अख्खं मेंढरू कापलं होतं. बोर्सोकचा, म्हणजे तळलेल्या कणकेच्या तुकड्यांचा, ढीग, साय, जर्दाळूचा मुरंबा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे वाडगे. मानाचा तुकडा रोझा कासिमोव्नांच्या ताटात. एक वाडगा संपला की दुसरा, एकाचं भाषण संपलं की दुसऱ्याचं. ओमुरझाकनं आमच्या तब्येतीसाठी, आमच्या कॉलेजसाठी, आमच्या न झालेल्या नवऱ्यांसाठीसुद्धा वाडगा उचलला. तीन तास गेले. दुसऱ्या दरीत खिंडीतून पायवाटेनं तासाभरात पोचता येतं, पण गाडीला खाली पुलावरून मोठा वळसा घालावा लागतो. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती.

कळप तयारच उभा होता. नाझिकनं पुन्हा एक अरुंद जागा शोधली. या खेपेला शेकडा मोजायला तिनं खिशात खडे भरले, माझी लिपस्टिक संपली होती.

"या दिवसभर इथेच होत्या?" तिनं विचारलं.

"सकाळपासून," ओमुरझाक म्हणाला. "का?"

"काही नाही. धापा टाकताहेत."

मोजणी सुरू झाली. मी रेघा मारत होते. दुसरी रेघ मारली आणि नाझिकचा आवाज किंचित अडखळला. ती मोजत राहिली. तिसरी रेघ. मग मान न वळवता, ओठही न हलवता ती पुटपुटली, "बुबू, तुझी लिपस्टिक समोरून येतेय."

मी बघितलं. पांढऱ्या तोंडाची एक मेंढी कपाळावर चेरीचा पट्टा मिरवत दिमाखात आमच्यासमोरून गेली. माझ्या हातातली पेन्सिल पडली. थोड्या वेळानं दुसरी आली, मग तिसरी. मला हसू आवरेना आणि भीतीही वाटत होती. ओमुरझाक दहा पावलांवर उभा होता, टोपी मागे सारून आकाशाकडे बघत.

नाझिकनं शेवटच्या मेंढीपर्यंत मोजलं. मग रोझा कासिमोव्नांसमोर जाऊन उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"बरोबर नऊशे."

"डोंगरात बरोबर नऊशे कधी असतात का?"

"त्यातल्या बऱ्याच जणींना मी सकाळी भेटलेय," नाझिक म्हणाली. "सहा जणींचं कपाळ मीच रंगवलंय."

रोझा कासिमोव्नांनी एक लाल कपाळाची मेंढी आणायला लावली. बोटानं पट्टा पुसला, बोट नाकाशी नेलं.

"हा... हा आमचा रंग आहे," ओमुरझाक म्हणाला. "खुणेचा. आम्ही नेहमी लावतो."

"तुमच्या खुणेच्या रंगाला गुलाबाचा वास येतो?"

मी पिशवीतून रिकामी नळी काढून पुढे केली. रोझा कासिमोव्नांनी चष्मा लावला, तळाचं लेबल मोठ्यानं वाचलं, "चेरी, बावीस नंबर," आणि नळी ओमुरझाकच्या हातात ठेवली.

त्याचा चेहरा उतरला. तो नाझिकजवळ आला. "तुझा बाप दोन हिवाळे माझ्याकडे होता, पोरी. माझं मीठ खाल्लंय तुम्ही."

मला वाटलं, आता ही रडणार. पण ती म्हणाली, "मेंढरं तुमची असती तर मी गप्प बसले असते, आके. ती चाळीस घरांची आहेत. मीठही त्यांचंच होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही दऱ्यांत एकाच वेळी मोजणी झाली. नाझिक एकीकडे, रोझा कासिमोव्ना आणि मी दुसरीकडे. रोझा कासिमोव्नांनी आता धार करायला शिकून घेतलं होतं, ओढ्याशी उभ्या राहून पुतण्यांवर ओरडत होत्या. दुसऱ्या दरीत निघाली तीनशे तीन. पाचशे सत्त्याण्णव मेंढरं फक्त कागदावर चरत होती. ओमुरझाकनं ती दोन शरदांत थोडी थोडी करून विकली होती.

निघताना किदिर-आके आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला.

"आके," नाझिकनं विचारलं, "मी कपाळं रंगवली ती तुम्ही बघितली होती. कळप खिंडीतून तुम्हीच आणलात. मग..."

"बघितली होती," म्हातारा तीन दात दाखवत म्हणाला. "ओढा वाटेतच आहे, धुवायला कितीसा वेळ लागला असता! पण म्हटलं, पोरीनं एवढ्या हौसेनं सजवलंय, राहू दे."

परतताना पुलापाशी रोझा कासिमोव्ना पुढच्या सीटवरून मागे न बघताच म्हणाल्या, "नाझिक, सप्टेंबरपासून माझ्याकडे ये. आठ वर्षं झाली, शेतीच्या मोजण्या कुणी करायला तयार नाही. आणि बुबुसारा, तुझ्या रेघा सरळ होत्या. तुलाही चिठ्ठी देते, कुठेही लाव."

नाझिकनं माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. "बुबू," ती कानात म्हणाली, "काल घोड्यावर बसले ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं... आणि मी मेंढपाळीण नव्हते. मी हिशेबनीस होते."

गावात सभा झाली. वडीलधारे टोप्या घालून बसले, अहवाल वाचला गेला. पोलिसांत जायचं की नाही यावर दोन दिवस वाद चालला. शेवटी ओमुरझाकच्या बायकोनंच उठून सांगितलं की त्या पैशांतून शहरात घेतलेलं गच्चीवालं घर विकू आणि मेंढरं परत आणू. ऑक्टोबरात ओमुरझाक स्वतः कळप हाकत गावात आला. पोरं भिंतींवर बसून मोठमोठ्यानं मोजत होती आणि मधेच चुकून पुन्हा एकापासून सुरू करत होती. त्याला व्यवस्थापक काही पुन्हा केलं नाही, पण त्या संध्याकाळी चहाला सगळ्यांबरोबर बसवलं.

नाझिकच्या आईला बिश्केकचं ऑफिस दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी खुर्ची हातानं दाबून बघितली, गोल फिरवून बघितली, आणि लेकीचे उन्हानं रापलेले हात बघून म्हणाल्या, "खुर्ची चांगली आहे. बसतेस कधी?"

या सगळ्याला सहा वर्षं झाली. मी इस्पितळात पगाराचे हिशेब बघते. माझ्या सहीशिवाय एकाही डॉक्टरला पगार मिळत नाही, त्यामुळे सगळे मला लवून सलाम करतात. वर्गातल्या पाच जणी बँकेत आहेत, दोघी कर कार्यालयात, एकीनं लग्नाच्या कपड्यांचं दुकान काढलंय. ज्यानं "बँऽऽ" केलं होतं तो एका दूधकंपनीचा मुख्य हिशेबनीस आहे आणि दर महिन्याला नाझिकला फोन करून गाईंच्या घसाऱ्याबद्दल विचारतो.

गेल्या मार्चमध्ये नाझिकचा फोन आला. ऑडिटरच्या सनदेची शेवटची परीक्षा ती तिसऱ्या खेपेला पास झाली होती. आता अहवालावर तिची स्वतःची सही. मी सरळ अनारखान-एजेंच्या घरी धावले. एजे निवृत्त झाल्यात, गुडघे दुखतात त्यांचे. बातमी ऐकून त्यांनी शेजारणीला हाक मारली, मोठं पातेलं उतरवायला लावलं आणि म्हणाल्या, "सगळ्यांना बोलाव. एकूण एकाला."

रविवारी आम्ही एकोणीस जण जमलो. बाकीचे फोनवर होते. नाझिक बिश्केकहून सहा तासांचा प्रवास करून आली, कडेवर दहा महिन्यांची लेक. पोरीला एजेंच्या मांडीवर ठेवून ती थेट स्वयंपाकघरात शिरली, बाह्या सारल्या आणि माझ्या हातातली सुरी काढून घेतली. "बुबू, इतकी वर्षं झाली तरी शेवया जाडच कापतेस. हो बाजूला."

जेवणानंतर कुणीतरी कोमुज हातात घेतला आणि तारा छेडल्या. एजे आधी नाही नाही म्हणाल्या. मग उठल्या, एक हात नाझिकच्या खांद्यावर टेकला, दुसरा हवेत उचलला, आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी बैठकीच्या मधोमध नाचायला लागल्या. आम्ही टाळ्या वाजवत होतो. दहा महिन्यांची ती पोरगीही माझ्या मांडीवर उभी राहून, तोल सावरत, हात आपटत होती.